मायक्रोवेव्हमधला फॉस्फर दरवेळी वेगळा का निघतो?

प्रश्न लांबलचक होता, म्हणून त्यातलं मला काय उमगलं ते आधी लिहितो. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तुम्ही यिट्रियम ऑक्साइडमध्ये युरोपियम घालून लाल फॉस्फर केला, म्हणजे अतिनील किरण शोषून लाल प्रकाश देणारी पावडर. दोन्ही ऑक्साइडं नायट्रिक आम्लात विरघळवली, युरिया घातला आणि बीकर ८०० वॅटच्या घरगुती मायक्रोवेव्हमध्ये ठेवला. पहिला घाणा विभागातल्या यूव्ही पेटीत लालबुंद चमकला. दुसरा खोलीवर नेऊन नोटा तपासायच्या टॉर्चखाली पाहिलात, तर जेमतेम गुलाबी. तिसरा तर करड्या रंगाचाच निघाला. मग त्याच पद्धतीनं अंधारात चमकणारा स्ट्रॉन्शियम अल्युमिनेट करायला घेतलात, युरोपियम आणि डिस्प्रोशियम घालून. त्यात हिरव्याऐवजी लालसर चमक आली आणि दिवा बंद करताच तीही गेली. सर म्हणतात, मायक्रोवेव्हचा भरवसा नाही, मफल (विजेची बंद भट्टी) वापरा. दोष मायक्रोवेव्हचा की आमचा, असं तुम्ही विचारलंय.

माझी या कामात पंचवीसेक वर्षं गेली, निम्मी मफलसमोर आणि निम्मी मायक्रोवेव्हसमोर. तुमच्या वर्णनावरून मला तीन वेगळ्या भानगडी दिसतात आणि मायक्रोवेव्हचा हात त्यातल्या एकीतच आहे, तोही अर्धामुर्धा.

फुकटात होणारी दुरुस्ती आधी. दुसरा घाणा बहुधा बिघडलेलाच नाही. यिट्रियम ऑक्साइडमधला युरोपियम प्रकाश शोषतो तो मुख्यतः २५० नॅनोमीटरच्या आसपास. तिथे शेजारच्या ऑक्सिजनकडचा इलेक्ट्रॉन युरोपियमकडे सरकतो आणि शोषणाचा रुंद पट्टा मिळतो. विभागातल्या पेटीत पाऱ्याचा २५४ नॅनोमीटरचा दिवा असतो, तो या पट्ट्यावर नेमका पडतो. सीएफएलच्या नळीतही पाऱ्याची हीच रेषा काम करते, म्हणूनच लाल रंगासाठी हा फॉस्फर त्या दिव्यांत इतकी वर्षं वापरला गेला. नोटांची टॉर्च मात्र ३६५ किंवा ३९५ नॅनोमीटरची. तिथे युरोपियमच्या स्वतःच्या काही रेषा आहेत खऱ्या, पण त्या अरुंद आणि दुबळ्या. तेव्हा पहिला आणि दुसरा नमुना शेजारी शेजारी ठेवून एकाच दिव्याखाली बघा. पन्नास टक्के शक्यता आहे की तुमची एक तक्रार तिथेच मिटेल. २५४चा दिवा उघड्या डोळ्यांनी पाहू नका आणि हातही त्याखाली फार वेळ धरू नका. काचेच्या पेट्रीडिशमधून तो आत जात नाही, हेही बरेच जण विसरतात आणि झाकण न काढता 'चमकत नाही' म्हणून नोंद करतात.

आता मायक्रोवेव्हकडे. आपल्याकडे या शब्दाभोवती थोडी जादू चिकटली आहे. 'मायक्रोवेव्हमुळे आयन लवकर जागेवर बसतात' वगैरे वाक्यं प्रबंधांत सर्रास सापडतात. हिशेब करून बघा. ओव्हनची वारंवारता २.४५ गिगाहर्ट्झ. तिच्या एका फोटॉनची ऊर्जा साधारण ०.००००१ इलेक्ट्रॉनव्होल्ट भरते. खोलीच्या तापमानाला अणू नुसते थरथरतात ती ऊर्जा ०.०२५, म्हणजे अडीच हजार पट जास्त. रासायनिक बंध तोडायला काही इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. अशा फोटॉनकडून युरोपियमला यिट्रियमच्या जागी ढकलण्याची अपेक्षा धरणं म्हणजे डोंगर फुंकरीनं हलवण्यासारखं आहे. मायक्रोवेव्ह करते ते एकच: तापवते. फक्त उष्णता बाहेरून आत झिरपत नाही, पदार्थ जिथे लहरी शोषतो तिथेच ती जन्माला येते. ऑस्ट्रियात ग्राझ विद्यापीठात ऑलिव्हर काप्पे यांच्या गटानं २००९ मध्ये सिलिकॉन कार्बाइडच्या कुप्या वापरून हे नीट दाखवलं होतं. ही कुपी स्वतः लहरी पिते, आतल्या द्रावणापर्यंत क्षेत्र पोचूच देत नाही, नुसती उष्णता पोचवते. तरी अभिक्रियांचे निकाल काचेच्या कुपीतल्यासारखेच आले. त्यांच्या अभिक्रिया मुख्यतः सेंद्रिय होत्या, पण धडा आपल्यालाही लागू आहे.

म्हणून 'मायक्रोवेव्ह चांगली की मफल' हा प्रश्न मला नेहमी अपुरा वाटतो. उष्णता कोण शोषतंय, हे आधी विचारा. आणि इथेच घोळ होतो, कारण 'मायक्रोवेव्ह पद्धत' या एका नावाखाली लोक तीन अगदी वेगळी कामं करतात. पहिलं, नायट्रेट आणि इंधनाचं द्रावण आटवून पेटवणं. तुम्ही केलंत ते. दुसरं, कोरडी ऑक्साइडं किंवा कार्बोनेटं कोळशासारख्या शोषकाच्या शेजारी ठेवून भाजणं. तिसरं, बंद भांड्यात द्रावण दाबाखाली तापवणं. तिघांत शोषणारा वेगळा, तापमान वेगळं, धोके वेगळे. तुम्ही पहिल्यातली कृती उचलून दुसऱ्याचं फळ मागितलंत, स्ट्रॉन्शियमच्या बाबतीत.

तुमच्या यिट्रियमच्या घाण्याचा हिशेब मांडतो, कारण तिसऱ्या घाण्याच्या करडेपणाचं मूळ बहुधा त्यात आहे. १०० यिट्रियम-जागांपैकी ५ जागी युरोपियम, असा ०.०१ मोलचा घाणा धरू. यिट्रियम ऑक्साइड २.१४५ ग्रॅम, युरोपियम ऑक्साइड ०.१७६ ग्रॅम. ज्वलनाचा हिशेब संयुजांवर चालतो: त्रिसंयुजी धातूच्या नायट्रेटची ऑक्सिडीकारक क्षमता १५, युरियाची इंधनक्षमता ६. म्हणजे एका मोल नायट्रेटला अडीच मोल युरिया. आपल्याकडे ०.०२ मोल नायट्रेट आहे, म्हणून युरिया ०.०५ मोल, ३ ग्रॅम. इथवर सगळे बरोबर करतात.

चुकतात ते आम्लात. एवढं ऑक्साइड विरघळायला तीव्र नायट्रिक आम्ल ४ मिलिलिटर पुरतं. पण ऑक्साइड थंड आम्लात आळसावून पडून राहतं, मग विद्यार्थी घाईनं अजून ओततो, अजून ओततो, पंधरा मिलिलिटर होतं. त्या जादा ११ मिलिलिटरची ऑक्सिडीकारक क्षमता मोजलीत तर ती तुमच्या सगळ्या नायट्रेटच्या जवळजवळ तिप्पट निघते. ती किती उडून गेली आणि किती राहिली हे दर घाण्याला वेगळं. तुमचा ३ ग्रॅमचा काटेकोर युरिया आता कशाच्या प्रमाणात आहे, हे कुणालाच माहीत नाही. शिवाय तीव्र आम्ल शिल्लक असताना युरिया टाकणं धोक्याचंही आहे: युरिया नायट्रेट बनू शकतं आणि ते स्फोटक आहे. म्हणून ऑक्साइड विरळ आम्लात, सावकाश, गरम पाण्याच्या बाथवर विरघळवा. मग द्रावण वाफकपाटात (धूर बाहेर ओढणाऱ्या पंख्याच्या कपाटात) हळूहळू आटवून जवळजवळ कोरडं करा, थोडं पाणी घालून पुन्हा आटवा, असं दोनदा. आम्लाचा झोंबणारा वास गेला की मगच पाणी घालून युरिया.

युरिया घातल्यावर द्रावण आटू लागतं तेव्हा बघण्यासारखं असतं. आधी साधी उकळी. मग बुडबुडे मोठे आणि सुस्त होतात, काचकांडीला एकतारी पाकासारखी तार सुटते. मग फेस चढतो, तपकिरी धूर येतो आणि एका कोपऱ्यात ठिणगी पडून ज्योत सगळ्या फेसातून धावत जाते. काही सेकंदांचा खेळ. उरतं ते बत्तासा: पांढरा, जाळीदार, बोटानं दाबला तर चुरा होणारा. ज्योत क्षणभर हजार अंशांच्या वर जाते आणि स्फटिक त्या क्षणात जमतो. थोडक्यात, काम ज्योतीनं केलं. मायक्रोवेव्हनं फक्त पाणी उडवलं आणि काडी लावली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत किंग्सली आणि के. सी. पाटील यांनी १९८८ मध्ये हीच गोष्ट ५०० अंशांवर तापलेल्या मफलमध्ये करून दाखवली होती, तीही पाच-सहा मिनिटांत उरकते. त्यामुळे ज्वलन पद्धतीत 'मायक्रोवेव्हमुळे वेळ वाचला' असं लिहिताना जरा जपून.

तिसरा घाणा करडा का? बहुधा ज्योत नीट धावलीच नाही. इंधन जास्त झालं, किंवा फेसाचा अर्धा भाग पेटला आणि अर्धा नुसता करपला, की त्यात कार्बन अडकतो. तपासायची सोपी रीत: थोडी पावडर उघड्या अल्युमिना मुशीत ९०० अंशांवर तासभर ठेवा. पांढरी झाली तर कार्बन होता, जळून गेला. तशीच करडी किंवा पिवळट राहिली तर कुठून तरी लोखंड आलं आहे. स्टीलचा चमचा, नळाचं पाणी, आधी कुणी फेराइट घोटलेला खल, यांपैकी काहीही. लोखंडाची थोडीशीही भेसळ चमक खाते. घोटायला अकीकाचा खल घ्या आणि तो दुसऱ्या कुणाला देऊ नका, स्वभाव कितीही मोकळा असला तरी.

घाण्याचा आकारही सांभाळा. मी एकदा, नमुने पाठवायची घाई होती म्हणून, चौपट घाणा लावला. ज्योत धावली, वायूंचा लोट आला, ओव्हनचं दार उघडून आपटलं, आतली अभ्रकाची पत्री जळून काळी झाली आणि पांढरी राख प्रयोगशाळेभर पसरली. कुणाला लागलं नाही, पण दोन दिवस आमची टेबलं यूव्ही दिव्याखाली लाल चमकत होती. दोन-तीन ग्रॅमच्या वर जाऊ नका. ओव्हन वाफकपाटात ठेवा, भांडं मोठं आणि उघडं ठेवा. आणि हा ओव्हन पुन्हा कधीही खाण्यासाठी नाही, तशी चिठ्ठी त्यावर चिकटवा.

आता ओव्हनचा स्वतःचा दोष, तो अर्धामुर्धा. घरगुती ओव्हनमध्ये लहरी भिंतींवर आपटून स्थिर नक्षी तयार करतात. तरंगलांबी सुमारे १२ सेंटिमीटर, म्हणून साधारण दर ६ सेंटिमीटरला एक तापबिंदू आणि मध्ये थंड जागा. घरी मायक्रोवेव्हमध्ये पापड भाजणाऱ्याला हे ठाऊक असतं: इथे फुगलेला, तिथे कच्चा. हीच युक्ती प्रयोगशाळेत वापरा. नवा ओव्हन आला की, रसायन आत जाण्याआधी, फिरती तबकडी काढून तळावर उडदाचे पापड पसरून अर्धा मिनिट लावा. कुठे फुगले त्याचा नकाशा कागदावर काढा. तबकडी असताना लोक बीकर हटकून मधोमध ठेवतात. तो मग जागच्या जागी गरगर फिरतो आणि मधला बिंदू थंड असेल तर थंडच राहतो. एक तर तबकडीच्या कडेला ठेवा, नाहीतर तबकडी काढून नकाशातल्या फुगलेल्या जागी.

दुसरी गोष्ट, ५० टक्के शक्ती लावली म्हणजे ४०० वॅट सतत मिळतात असं बहुतेक साध्या ओव्हनांत होत नाही. काही सेकंद पूर्ण ८००, काही सेकंद शून्य, असं चालतं. कान देऊन ऐका, गुणगुण बदलते. फेस चढायच्या नेमक्या वेळी शून्य लागलं तर घाणा फसतो. आणि विजेचा दाब पडला की ओव्हन तोच राहत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी केलेले घाणे आणि सकाळी केलेले घाणे सरळ वेगळे निघायचे. म्हणून दर सत्राच्या सुरुवातीला एक मोजमाप करा: एक लिटर पाणी, पूर्ण शक्ती, एक मिनिट. पाणी ढवळून तापमान किती अंशांनी वाढलं ते बघा आणि ७०नं गुणा. दहा अंश वाढलं तर पाण्यात ७०० वॅट गेले. वहीत 'मायक्रोवेव्ह ८०० वॅट' लिहिण्यापेक्षा हा आकडा लिहा. माझ्याकडे येणाऱ्या प्रबंधांपैकी फार थोड्यांत तो असतो.

आता स्ट्रॉन्शियम अल्युमिनेट. यात तुमची खरी अडचण युरोपियमच्या संयुजेची आहे. यिट्रियम ऑक्साइडमध्ये हवा असतो त्रिसंयुजी युरोपियम. तो ६११ नॅनोमीटरला लाल, रेषेसारखी बारीक चमक देतो. अंधारात चमकणाऱ्या हिरव्या फॉस्फरला हवा द्विसंयुजी. त्याची चमक ५२० नॅनोमीटरभोवती रुंद पसरते. तुम्ही बाटलीतून घेता ते ऑक्साइड त्रिसंयुजीच असतं, त्याला एक इलेक्ट्रॉन देऊन खाली आणावं लागतं. युरियाच्या ज्योतीत अमोनिया आणि कार्बन मोनॉक्साइडसारखे वायू असतात, त्यामुळे थोडंफार क्षपण होतं आणि काही गटांना ज्वलनातच हिरवी चमक मिळालीही आहे. पण ती काही सेकंदांची मेहेरबानी. तुमचा नमुना लाल दिसतो म्हणजे युरोपियम वरच अडकला आहे. इथे ते दोन दिवे पुन्हा कामाला येतात: २५४खाली लाल म्हणजे त्रिसंयुजी, ३६५खाली हिरवा म्हणजे द्विसंयुजी. दुसऱ्या कामाला नोटांची ३६५ची टॉर्च छान चालते.

(जाता जाता: स्ट्रॉन्शियम द्विसंयुजी आहे, त्याच्या नायट्रेटची क्षमता १०, पंधरा नाही. एका स्ट्रॉन्शियमला दोन अल्युमिनियम धरून बेरीज ४०, म्हणजे युरिया ६.६७ मोल. यिट्रियमचा हिशेब तसाच उचलला असेल तर तुम्ही साडेसात घातला असणार.)

इथे दुसरी पद्धत खऱ्या अर्थानं उपयोगी पडते. तुमची लालसर चमकणारी पावडर घोटून, अगदी थोडं बोरिक आम्ल मिसळून, लहान अल्युमिना मुशीत भरा आणि झाकण ठेवा. ही मुशी मोठ्या अल्युमिना मुशीत ठेवून दोघींच्या मधल्या जागेत दाणेदार सक्रिय कोळसा भरा. वर दुसरं झाकण, सभोवती सिरॅमिक फायबरचं आवरण. अल्युमिना थंड असताना मायक्रोवेव्हला जवळपास पारदर्शक असते, लहरी तिच्यातून सरळ कोळशापर्यंत जातात. कोळसा अधाशासारखा शोषतो आणि काही मिनिटांत लाल होतो. आणि कोंडलेल्या हवेत अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड देतो. म्हणजे भट्टी आणि क्षपण करणारा वायू दोन्ही एकाच मुठीतून. एरवी यासाठी बहुतेकदा हायड्रोजन मिसळलेल्या वायूचं सिलिंडर आणि नळीची भट्टी लागते, ती आपल्या किती महाविद्यालयांत आहे? मायक्रोवेव्हचं खरं कौतुक मला इथे वाटतं. कॅलिफोर्नियात सांता बार्बरा इथल्या गटानं २०१२ मध्ये घरगुती ओव्हन आणि सक्रिय कोळसा वापरूनच सेरियमचे गार्नेट फॉस्फर केले होते, पांढऱ्या एलईडीत चालतील असे.

क्षपण झाल्यावर युरोपियम स्ट्रॉन्शियमच्या जागी आरामात बसतो, कारण दोघांच्या आयनांची त्रिज्या जवळपास एकच आहे, १.१७ आणि १.१८ अँगस्ट्रॉम. चमक रेंगाळते ती डिस्प्रोशियममुळे: तो सापळे तयार करतो, त्यात अडकलेले प्रभार खोलीच्या उष्णतेनं हळूहळू सुटत राहतात. मात्सुझावा आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ही जोडी जाहीर केली आणि घड्याळांच्या काट्यांवरचा जुना झिंक सल्फाइड मागे पडला.

यातल्या खाचा. कोळशाचा कण पावडरीत पडला की करडे ठिपके, म्हणून आतलं झाकण नीट बसवा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. वाफकपाटाचा पंखा चालू असल्याशिवाय हे करायचंच नाही, 'पाच मिनिटांचं तर काम' म्हणूनही नाही. मुशी काचेच्या तबकडीवर ठेवू नका. आमची तबकडी पहिल्याच दिवशी तडकली, मग आम्ही जाड सिरॅमिक विटेचा तुकडा खाली ठेवू लागलो. थर्मोकपल आत खुपसू नका, ती धातूची तार अँटेना होते आणि दाखवते ते तापमान खोटं असतं. आणि सर्वांत मोठा मोह आवरा: लाल मुशी पाहून लगेच उघडायची नाही. गरम पावडरीला हवा लागली की युरोपियम पुन्हा वर चढू शकतो, मुशीही तडकते. हात लावता येईल इतकी थंड होऊ द्या, एक चहा होतो तेवढ्यात. मग पाच मिनिटं ट्यूबलाइटखाली ठेवून अंधाऱ्या खोलीत न्या, डोळे सरावू द्या आणि बघा. हा फॉस्फर पाण्यानं धुवू नका, स्ट्रॉन्शियम अल्युमिनेट पाण्यात मोडतो.

तिसरी पद्धत, बंद भांड्याची, तुमच्या प्रश्नात नाही, पण पुढे मोह होईल म्हणून सांगून ठेवतो. सोडियम यिट्रियम फ्लोराइडमध्ये इटर्बियम आणि अर्बियम घालून ९८० नॅनोमीटरच्या अदृश्य लेसरखाली हिरवं चमकणारे कण अशा रीतीनं करतात. इथे शोषणारा म्हणजे द्रावक. इथिलीन ग्लायकॉल या बाबतीत पाण्याच्या कितीतरी पुढे. खोलीच्या तापमानाला त्याचा ऱ्हास-गुणक (लहरींची उष्णता करण्याची कुवत) १.३५ आणि पाण्याचा ०.१२. पण पाणी २०० अंशांना बंद भांड्यात साधारण १५ वातावरणांचा दाब देतं, आणि घरगुती ओव्हनला तो दाब मोजता येत नाही की थांबवता येत नाही. त्यासाठी दाब आणि तापमान दोन्ही मोजणारं प्रयोगशाळेचं यंत्रच लागतं. नसेल तर साधा स्टीलचा ऑटोक्लेव्ह (दाब सोसणारं घट्ट बंद भांडं) ओव्हनमध्ये रात्रभर ठेवा, म्हणजे साध्या गरम हवेच्या ओव्हनमध्ये. मायक्रोवेव्हमध्ये स्टील नेऊ नका.

एक गोष्ट मला या सगळ्या क्षेत्राबद्दल खटकते. शोधनिबंधाच्या शीर्षकात 'दहा मिनिटांत' असतं आणि आत, प्रयोगाच्या भागात, 'नंतर १००० अंशांवर ३ तास' असं एक वाक्य दडलेलं असतं. ते वाक्य खोटं नाही, बहुतेकदा गरजेचंच असतं. झटपट बनलेल्या स्फटिकाचे दाणे नॅनोमीटरच्या मापात असतात, पृष्ठभाग खूप, त्यावर पाण्याचे हायड्रॉक्सिल गट चिकटलेले, आत दोष. हे हायड्रॉक्सिल गट युरोपियमची ऊर्जा प्रकाश होण्याआधीच कंपनांत उधळून टाकतात. पुन्हा भाजलं की दाणे वाढतात, पृष्ठभाग साफ होतो, चमक वाढते. फक्त मग वेळेचा हिशेब प्रामाणिकपणे द्यावा. आणि 'स्फटिक' म्हटलं तरी आपण पावडर करतो आहोत, दागिन्यातला खडा नाही, हेही मुलाखतीत विचारतात म्हणून लक्षात असू द्या.

तुमच्या सरांच्या शंकेवर उत्तर मात्र युक्तिवादानं देऊ नका. एकच द्रावण करा, युरियासकट, आणि त्याचे सहा समान भाग पाडा. तीन मायक्रोवेव्हमध्ये, तीन ५०० अंशांच्या मफलमध्ये. सगळे एकाच तापमानाला, एकाच वेळी, एकाच मफलमध्ये पुन्हा भाजा. मग एक्सआरडी काढा, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासा. तांब्याच्या क्ष-किरण नळीवर यिट्रियम ऑक्साइडचं मुख्य शिखर २९.२ अंशांजवळ यायला हवं. त्यानंतर वर्णपट. युरोपियम इथे हेरासारखा उपयोगी पडतो. या स्फटिकात धातूच्या दर ३२ जागांपैकी २४ असममित आणि ८ सममित असतात. ६११ची लाल रेषा असममित जागांवरून येते, ५९० ते ६०० मधल्या रेषा शेजारच्या रचनेची फारशी पर्वा करत नाहीत. पहिलीचं दुसऱ्यांशी गुणोत्तर सहाही नमुन्यांत सारखं आलं, तर युरोपियमचा शेजार सहाही ठिकाणी सारखा आहे. रेषा पसरट दिसल्या तर स्फटिक अजून कच्चा आहे.

तीनदा सारखं येण्याचा एवढा आग्रह का, तर एक जवळचं उदाहरण देतो. दवाखान्यातल्या एक्सरे तंत्रज्ञाच्या खिशावर जो टीएलडी बॅज असतो, त्यात डिस्प्रोशियम घातलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. भाभा अणुसंशोधन केंद्रानं आपल्या देशासाठी रुळवलेली ही पद्धत. त्या चकत्या तापवून निघणाऱ्या प्रकाशावरून त्या माणसाला किती किरणोत्सार लागला ते ठरतं. तिथे हा घाणा जरा फिका आला, असं म्हणून चालत नाही.

वजन करतानाच्या काही सवयी राहिल्याच. लँथॅनम ऑक्साइड कधी वापरलंत तर आधी ९०० अंशांवर भाजून, गरम असतानाच डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) ठेवून मग वजन करा. बाटलीतलं लँथॅनम हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड खाऊन बसलेलं असतं आणि तुम्ही त्याचंच वजन करता. टर्बियमची तपकिरी पावडर आम्लात लवकर जात नाही, हायड्रोजन पेरॉक्साइडचे काही थेंब घाला. सेरियम ऑक्साइडच्या मागे लागू नका, सरळ सेरियम नायट्रेट आणा. आणि यिट्रियम नायट्रेटची बाटली उघडी राहिली की ती ओली होते, म्हणून तुम्ही ऑक्साइडपासून सुरुवात केलीत ते अगदी योग्य केलंत.

आधी दोन दिवे, मग ९०० अंशांची भाजणी, मग कोळसा, या क्रमानं जा. सहा भागांचा प्रयोग झाला की वजनं, पाण्याच्या मोजमापाचा आकडा आणि दोन्ही दिव्यांखालचे फोटो पाठवा. फोटो काढताना मोबाइलचं ऑटो एक्स्पोजर बंद करा, नाहीतर फिका नमुनाही लालबुंद दिसेल आणि आपण पुन्हा इथेच येऊ.